वीस डावांची अट

दशांशराव बघायचा असेल तर बॉक्सिंग डेला जाऊ नये. त्या दिवशी मेलबर्नच्या एमसीजीवर ऐंशी-नव्वद हजार माणसं असतात, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या असतात आणि सगळेच तज्ज्ञ असतात. त्यातून खरा कोण हे ओळखणं कठीण. त्यापेक्षा एखाद्या मंगळवारी शेफील्ड शील्डच्या, म्हणजे इथल्या राज्याराज्यांतल्या स्पर्धेच्या, सामन्याला जावं. लाखभर माणसं मावतील एवढ्या मैदानात दोनतीनशे टाळकी, त्यातली निम्मी सावलीच्या मागे सरकत बसणारी. बाकी सगळीकडे सीगल. अशा वेळी एका ठरावीक रांगेत, खांब आड येणार नाही आणि दुपारचं ऊन तोंडावर येणार नाही अशा जागी तो बसलेला असतो. रुंद काठाची टोपी, एका कानात रेडिओ, पायाशी थर्मास, मांडीवर लांबट स्कोअरबुक आणि शर्टाच्या खिशात चार रंगांची चार पेनं.

नाव अर्थात मी ठेवलेलं. दशांशचिन्हानंतर दोन आकडे आल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही, म्हणून. खरं नाव सांगण्यातही अर्थ नाही, कारण तो काही एकटा नाही. ॲडलेडला आहे, पर्थला आहे, ब्रिस्बेनलाही आहे. मेलबर्नचा माझ्या वाट्याला आला, एवढंच.

ओळखपाळख, हवापाणी असल्या गोष्टींत तो वेळ घालवत नाही. शेजारी कुणी नवखा बसला की सरळ प्रश्न टाकतो.

"ऑस्ट्रेलियाकडून कसोटीत सगळ्यात मोठी सरासरी कुणाची?"

आता हा काय प्रश्न झाला? ब्रॅडमन, ९९.९४. या देशात हा आकडा शाळेत शिकवावा लागत नाही. एबीसी या इथल्या सरकारी नभोवाणीने राज्याराज्यांतल्या आपल्या टपालपेटीचा क्रमांकच ९९९४ घेतला. नवखा मोठ्या आत्मविश्वासाने "ब्रॅडमन" म्हणतो. दशांशराव थर्मासचं झाकण उघडतो, चहा ओततो, एक घोट घेतो. या घोटासाठीच तर प्रश्न विचारलेला असतो.

"अल्बर्ट ट्रॉट. १०२.५०."

मग ट्रॉटचं पुराण लागतं. १८९५ साली ॲडलेडला पहिलीच कसोटी. नाबाद ३८, नाबाद ७२ आणि इंग्लंडच्या दुसऱ्या डावात ४३ धावांत ८ बळी. ऑस्ट्रेलियाकडून एकूण तीन कसोट्या, २०५ धावा, बाद फक्त दोनदा. आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडला जाणाऱ्या संघातून त्याला वगळलं. त्या संघाचा कर्णधार कोण? त्याचा सख्खा भाऊ हॅरी ट्रॉट! भाऊबंदकीचा मक्ता आपल्याकडेच आहे असं मानणाऱ्या आपल्या लोकांनी हे ऐकून ठेवावं. अल्बर्ट मग स्वतःचं बिऱ्हाड उचलून इंग्लंडला गेला, मिडलसेक्सकडून खेळला, इंग्लंडतर्फे दोन कसोट्याही खेळला. १८९९ साली लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाचाच पाहुणा संघ खेळत असताना त्याने माँटी नोबलचा चेंडू पॅव्हेलियनच्या छपरावरून पलीकडे टोलवला. "त्यानंतर तसं कुणालाही जमलेलं नाही," असं म्हणून दशांशराव छपराएवढा वर बघतो.

नवखा दुसऱ्या भेटीत तयारीने येतो. तोच प्रश्न. "अल्बर्ट ट्रॉट!"

"कर्टिस पॅटरसन," दशांशराव म्हणतो. "२०१९, श्रीलंकेविरुद्ध. दोन कसोट्या, ३० आणि नाबाद ११४. सरासरी १४४."

तिसऱ्या भेटीत नवखा पॅटरसनचं नाव घेतो. दशांशराव चष्मा काढतो, पुसतो आणि लहान मुलाला समजवावं अशा मायेने सांगतो, "सरासरीला किमान वीस डावांची अट असते रे. ब्रॅडमन."

ही अट कुठून आली, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही. माझा कयास असा की ब्रॅडमनभोवती कुंपण घालायचं होतं. मग किती उंच घातलं की ट्रॉट आणि पॅटरसन आत यायचे नाहीत, हे कुणीतरी शांतपणे मोजून पाहिलं असावं. दशांशरावाची गंमत अशी की कुंपणाची राखणही तोच करतो आणि रोज संध्याकाळी ट्रॉटला हळूच आत घेणाराही तोच.

खेळ मात्र तो बघत नाही. म्हणजे डोळे समोर असतात, पण फलंदाजाने पाय पुढे टाकून, डोकं चेंडूवर ठेवून, कव्हरमधून असा काही फटका मारावा की झोपलेले सीगलही उठावेत, तर आपण "वा!" म्हणून वळावं आणि शेजारी हा खाली मान घालून हिरव्या पेनाने चाराचा आकडा काढत असतो. "काय मारलाय, पाहिलास?" असं विचारलं तर उत्तर येतं, "अठ्ठेचाळीस. डावखुऱ्याविरुद्ध सव्वीस." वरसंशोधन करणाऱ्या मावशीने मुलाच्या दिसण्याकडे न बघता घराणं विचारत सुटावं, तसा हा प्रत्येक धावेचं कूळ विचारतो. कुणाच्या चेंडूवर, कुठल्या टोकाकडून, कितव्या षटकात, कुठल्या दिशेला. दिशेसाठी एक वेगळं पान असतं; त्यावर खेळपट्टीच्या मध्यातून चहूकडे रेघा गेलेल्या. टीव्हीवर ज्याला आपण वॅगन व्हील म्हणतो, ते हाताने रेखण्याची पद्धत रुळवली बिल फर्ग्युसन नावाच्या सिडनीच्या स्कोअररने. हा फर्गी म्हणजे दशांशरावाचा कुलस्वामी. १९०५च्या इंग्लंड दौऱ्यावर स्कोअरर म्हणून जायचं ठरवून तो सरळ माँटी नोबलच्या खुर्चीत जाऊन बसला. नोबल क्रिकेटपटू होता तसाच दंतवैद्यही होता. नोकरीसाठी दात पुढे करणारा हा माणूस पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ वेगवेगळ्या देशांच्या संघांबरोबर त्यांच्या बॅगा आणि त्यांच्या धावा सांभाळत जगभर हिंडला. दशांशराव हे सांगताना स्वतःच्या दाढेवरून जीभ फिरवतो. आपला दंतवैद्य नुसताच दंतवैद्य निघाला, ही त्याची जुनी खंत.

संसार त्याने केला, पण तारखेचा घोळ झाला. लग्न १२ मार्च १९७७ला. पहिल्या कसोटीला शंभर वर्षं झाली म्हणून मुद्दाम भरवलेली इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी नेमकी त्याच शनिवारी एमसीजीवर सुरू झाली. तारीख मुलीकडच्यांनी धरली होती, हे तो आजही सांगतो. त्या दिवशी ऑस्ट्रेलिया सर्वबाद १३८ आणि बॉब विलिसच्या चेंडूने रिक मॅकॉस्करचा जबडा मोडला. लग्नाचा वाढदिवस तो कधीच विसरत नाही आणि बायकोला फुलं देताना मॅकॉस्करची आठवण काढायलाही विसरत नाही. पाचव्या दिवशी ऑस्ट्रेलिया ४५ धावांनी जिंकली. १८७७ची पहिली कसोटीही ऑस्ट्रेलियाने ४५ धावांनीच जिंकली होती. "शंभर वर्षांनी तोच फरक!" त्या पहिल्या कसोटीत चार्ल्स बॅनरमनने बोट फाटून परत जाईपर्यंत १६५ केल्या, संघाच्या २४५पैकी. ६७.३५ टक्के. पूर्ण झालेल्या डावात संघाच्या धावांतला एवढा मोठा वाटा कसोटीत आजतागायत कुणी उचललेला नाही. बायको म्हणते, "आमच्या घरातही कामाचं प्रमाण साधारण तेच आहे, फक्त बॅनरमन मी आहे." तिच्या बोलण्यातही दशांश येऊ लागले आहेत.

एकदा ठाण्याहून नुकताच आलेला एक मित्र मी बरोबर नेला. दशांशरावाने "कुठला?" विचारलं. मित्र म्हणाला, "मुंबई." परदेशात ठाणेकर मुंबईकरच असतो.

"मुंबई! वन-डेतलं पहिलं द्विशतक कुणाचं?"

मित्राची कॉलर आपोआप वर गेली. "सचिन तेंडुलकर. नाबाद २००. ग्वाल्हेर, फेब्रुवारी २०१०."

मला थर्मासच्या झाकणाचा आवाज आला.

"बेलिंडा क्लार्क. नाबाद २२९. डिसेंबर १९९७. महिलांचा विश्वचषक, डेन्मार्कविरुद्ध." घोट. "कुठे, विचार."

"कुठे?"

"तुझ्या मुंबईत. बांद्रा, एमआयजी ग्राउंड."

सचिन ज्या साहित्य सहवासात लहानाचा मोठा झाला, तिथून हे मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मित्राची मेहुणी त्याच बाजूला राहते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग "पुरुषांचं विचारायचं तर तसं म्हणायचं ना," असं मराठीत माझ्याकडे पुटपुटला. पण दशांशरावाच्या हिशेबात धाव ही धाव असते. एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी असा पराक्रम पहिल्यांदा कुणी केला, हाही त्याचा एक सापळा आहे. लोक बोथमचं नाव घेतात. उत्तर आहे बेटी विल्सन, १९५८, इथल्याच जंक्शन ओव्हलवर.

मित्राचा चेहरा उतरलेला पाहून त्याने समजूत काढायला घेतली. शेन वॉर्नचा कसोटीतला पहिला बळी तुमचा रवी शास्त्री, सिडनी, जानेवारी १९९२. पण बाद होण्याआधी शास्त्रीने २०६ केल्या आणि वॉर्नला त्या एका बळीसाठी १५० धावा मोजाव्या लागल्या. तुमचा हजारे, सांगलीचा. जानेवारी १९४८, ॲडलेड, समोर लिंडवॉल आणि मिलर. पहिल्या डावात ११६, दुसऱ्यात १४५. "आणि तरी भारत डावाने हरला," तो म्हणाला. हे शेवटचं वाक्य त्याने ज्या हळुवारपणे म्हटलं, त्यावरून मला एक गोष्ट कळली.

या माणसाला आकड्यांचं प्रेम आहे असा सगळ्यांचा समज आहे. तो खोटा आहे. गोल, भरलेल्या आकड्यांकडे तो ढुंकून बघत नाही. त्याचा जीव जडतो तो कुणाच्या तरी हातून निसटलेल्यांवर. जिमी मॅथ्यूजने २८ मे १९१२ रोजी मँचेस्टरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकाच दिवसात दोन हॅटट्रिक घेतल्या, हे ऐकून आपण मॅथ्यूजला दाद देतो. दशांशराव टॉमी वॉर्डबद्दल हळहळतो. वॉर्डची ती पहिलीच कसोटी आणि दोन्ही हॅटट्रिकचा तिसरा बळी तोच. दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर भोपळा. वॉर्नच्या ७०८ बळींचं त्याला विशेष नाही. पण वॉर्नने कसोटीत ३,१५४ धावा केल्या आणि शतक एकही नाही, सर्वोच्च ९९, न्यूझीलंडविरुद्ध पर्थला, २००१ साली, आणि ज्या चेंडूवर गेला तो नंतरच्या चित्रफितीत नो-बॉल दिसला, हे सांगताना त्याचा चहा थंड होतो.

आणि ब्रॅडमन. १४ ऑगस्ट १९४८, ओव्हल, एरिक हॉलीजची गुगली, दुसरा चेंडू, शून्य. ८० डाव, १० वेळा नाबाद, ६,९९६ धावा. चार हव्या होत्या. दशांशराव तेव्हा जन्मलाही नव्हता, पण हे सांगताना घरातलं कुणीतरी गेल्यासारखा बसतो. मग स्वतःच स्वतःला सावरतो आणि बारीकसारीक खजिना काढतो. सगळ्या कसोट्यांत मिळून डॉनचे षटकार सहाच. आयुष्यात एकदाच स्वयंचीत, ब्रिस्बेनला, अमरनाथच्या चेंडूवर, तेही १८५ करून. बळी दोन, त्यातला एक वॉली हॅमंड. गोलंदाजीची सरासरी बरोब्बर ३६.

श्रद्धाही आहेत. धावसंख्या ८७ झाली की तो पेन खाली ठेवतो आणि श्वास रोखतो. शतकाला तेरा कमी, म्हणून हा आकडा ऑस्ट्रेलियात अपशकुनी. त्याची सुरुवात म्हणे कीथ मिलरपासून. लहानपणी याच मैदानावर त्याने ब्रॅडमनला ८७वर बाद होताना पाहिलं आणि धसका घेतला. वास्तविक ब्रॅडमन त्या दिवशी ८९वर गेला होता. फलकावर दोन धावा मागाहून चढल्या. हे सगळं दशांशरावाला पाठ आहे. तरी ८७ला तो श्वास रोखतोच. मी म्हटलं, "मग ८९ला रोख." म्हणाला, "८९ला काय आहे?"

वर्षातून एकदा इथे व्हिक्टोरियाचा, म्हणजे मेलबर्नच्या राज्याचा, सिडनीकरांच्या न्यू साउथ वेल्सशी सामना असतो आणि सिडनीहून दशांशरावाचा जोडीदार येतो. तसंच स्कोअरबुक, तसाच थर्मास. फक्त याच्या थर्मासात कॉफी. दोघं मध्ये एक खुर्ची सोडून बसतात. ती खुर्ची माझी. सलामी ठरलेली.

"एक हजार एकशे सात," आमचा म्हणतो. डिसेंबर १९२६, याच मैदानावर व्हिक्टोरियाने सिडनीकरांविरुद्ध केलेल्या धावा. पॉन्सफर्ड ३५२, रायडर २९५. आर्थर मेलीने ३६२ धावा देऊन चार बळी घेतले, एकही षटक निर्धाव नाही. वर स्टँडमध्ये बसलेल्या एका टोपीवाल्या गृहस्थाने झेल सोडले नसते तर आकडे बरे दिसले असते, असं त्याने नंतर सांगितलं.

"पस्तीस," सिडनीवाला म्हणतो. पुढच्याच महिन्यात सिडनीला व्हिक्टोरियाचा संघ याच सिडनीकरांसमोर एवढ्यावर गारद झाला.

"डाव आणि ६५६ धावांनी."

"पस्तीस."

यंदाच्या खेपेला हे झाल्यावर मी एक काडी टाकली. म्हटलं, समजा उद्या एखाद्या जुन्या स्कोअरबुकात ब्रॅडमनच्या चार धावा सापडल्या, दुसऱ्याच्या नावावर चढलेल्या. मग ७,००० भागिले ७०. सरळ शंभर.

दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. शंभर वर्षांत पहिल्यांदाच व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स यांचं एकमत झालं असावं. "नाही सापडणार," सिडनीवाला म्हणाला. "आणि सापडल्या तर बेरीज तपासावी लागेल," आमचा म्हणाला. "चार ठिकाणी. फलक, स्कोअरबुकं, वर्तमानपत्रं." मग तपासणी कुठून सुरू करायची यावरून त्यांची जुंपली. हा म्हणे दोन्ही संघांची बुकं आधी, तो म्हणे सकाळचं वर्तमानपत्र आणि संध्याकाळचं वर्तमानपत्र यांतला फरक आधी.

तेवढ्यात खाली ओरडा झाला. सलामीवीर बॅट काखोटीला मारून परत निघाला होता.

दोन पेनं हवेत थांबली. "कसा गेला?"

"स्लिपमध्ये झेल," मी म्हणालो. "काय झेपावला होता! एका हातात, जमिनीला टेकायच्या आत..."

"पहिल्या स्लिपमध्ये की दुसऱ्या?"

"दुसऱ्या बहुतेक."

"बहुतेक?" दोघंही म्हणाले, आणि पुढल्या रांगेतल्या शाळकरी पोराला विचारायला वाकले.