तांब्याचा पाईप वाकवावा कसा: नवशिक्यांसाठी साहित्य आणि कृती

हे मार्गदर्शन कोणासाठी?

एप्रिल महिन्यात एसीचा मेकॅनिक ‘संध्याकाळी येतो’ म्हणतो तेव्हा कोणत्या तारखेच्या संध्याकाळी, ते तो सांगत नाही. नवा एसी खोक्यात पडून असतो, भिंतीला भोक पाडून झालेले असते, आणि घरातले कोणीतरी म्हणते, “त्यात काय एवढं, पाईपच तर वाकवायचाय!” हे वाक्य ज्यांनी उच्चारले, त्यांच्यासाठी पुढचा मजकूर आहे. ज्यांनी ते नुसते ऐकले, त्यांनी शेजारी जाऊन बसावे.

आधी एक नियम, त्यात गंमत नाही. चालू किंवा जुन्या एसीला जोडलेल्या पाईपला हात लावायचा नाही. त्यात गॅस दाबाखाली असतो. हल्लीचा आर-32 पेट घेऊ शकतो, आणि जुना आर-22 ज्योतीत सापडला तर त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. गॅस काढणे, व्हॅक्यूम करणे, गॅस भरणे ही मेकॅनिकचीच कामे. आपला अभ्यासक्रम कोऱ्या आणि रिकाम्या पाईपपुरता.

साहित्य

*तांब्याचा पाईप.* गुंडाळीत मिळतो तो सॉफ्ट, सरळ दांडीत मिळतो तो बहुधा हार्ड. दांडी दिसायला छान असते, म्हणून नवशिका नेमकी तीच उचलतो. तिने वाकायला साफ नकार दिला की मग गुंडाळीकडे वळतो. दुकानात माप सुतात सांगावे. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच. दीड टनी एसीला बहुधा हीच जोडी लागते. मिलिमीटरमध्ये मागितलेत तर दुकानदार ‘इंजिनियर दिसताय’ असे म्हणेल. ती स्तुती नसते.

*गेज.* इथे आकडा वाढला की पाईपची भिंत पातळ होते. 20 गेजची भिंत साधारण 0.91 मिलिमीटर, 22 गेजची 0.71. त्यामुळे ‘जरा मोठ्या नंबरचा द्या’ असे सांगून पातळ पाईप घरी आणू नये.

*अवजारे.* पाईप कटर, कापल्यावर आतली धार काढायला रीमर, पाईपच्या मापाची स्प्रिंग, लिव्हरचा बेंडर, फ्लेअरिंग टूल आणि पितळी नट.

*सासरे किंवा शेजारचे काका.* एक नग. हे आणावे लागत नाहीत. जमिनीवर पाईप पसरला की ते आपोआप येतात, आणि ‘आमच्या वेळी बंबाचं तांबं बघायला हवं होतं’ इथून सुरुवात करतात.

सिद्धान्त (वगळलात तरी तो तुम्हाला वगळणार नाही)

अर्धा इंची पाईप 38 मिलिमीटर त्रिज्येच्या वळणातून काटकोनात वाकवला, तर पाईपच्या मधोमध धरलेली लांबी 60 मिलिमीटरच राहते. मात्र बाहेरच्या अंगाला 70 मिलिमीटर व्हावे लागते आणि आतल्या अंगाला 50 मध्ये भागवावे लागते. म्हणजे एकाच पाईपची एक बाजू ताणून पातळ होते आणि दुसरी दाटीवाटीने जाड होते. सॉफ्ट तांबे 40 टक्क्यांपर्यंत ताण सोसते, म्हणून हे त्याला जमते. हार्ड तांब्याची सहनशक्ती थोड्याच टक्क्यांत संपते आणि ते चिरते.

पण तांबे चिरण्याआधी दुसरेच संकट येते. बाहेरच्या अंगाला लांबी वाचवायची असते. त्यासाठी सोपी पळवाट म्हणजे आत सरकणे, आणि आत तर मोकळी जागाच असते. पाईप चेपतो तो असा. थोडक्यात, वाकवायचे असते तांबे आणि सांभाळायची असते आतली पोकळी. पुढची सगळी अवजारे त्या पोकळीची राखण करण्यापुरती आहेत. वाकवण्याचा जोर ज्याचा त्याने आणायचा.

कृती पहिली: नुसत्या हातांनी

गुंडाळीतून पाईप काढताना टोक धरून ओढू नये. टोक जमिनीवर पायाने दाबून धरावे आणि सतरंजी उलगडावी तशी गुंडाळी पुढे नेत जावी. ओढलात तर पाईप मळसूत्री होतो, आणि तो सरळ करता करता अर्धी नरमाई त्यातच जाते.

मग पाईप गुडघ्यावर ठेवून दोन्ही बाजूंनी थोडे थोडे दाबावे, दर वेळी जागा किंचित बदलावी. वळण प्रशस्त हवे: त्रिज्या पाईपच्या व्यासाच्या पाच-सहा पट तरी. पाव इंची पाईप एवढ्यावर ऐकतो. अर्धा इंची पाईप सत्तर अंशांपर्यंत ऐकतो, आणि ‘जमतंय की!’ असे तुम्ही म्हणताच मधोमध बसतो. त्याचा आवाज होत नाही. फक्त हाताला एकदम हलके वाटते. ते कौशल्य नव्हे.

चेपलेला पाईप उलट वाकवून सरळ करता येतो, ही समजूत सार्वत्रिक आहे. करून पाहा. बाहेरून गोल दिसू लागतो खरा, पण तिथले तांबे दोनदा मोडून कडक झालेले असते. असा पाईप एसीला लावला तर गॅस त्या अरुंद जागी कोंडतो, कूलिंग उतरते आणि चेपलेल्या जागी बाहेरून बर्फही धरू शकतो. तो बर्फ बघून काका म्हणतात, “बघ, कसला गार करतोय!”

कृती दुसरी: स्प्रिंगने

स्प्रिंग म्हणजे पाईपवर घट्ट बसणारी पोलादी गुंडाळी. पाईप फुगून चपटा होऊ पाहतो तेव्हा ती त्याला चहूबाजूंनी आवळून धरते, एवढेच तिचे काम. जिथे वळण हवे तिथे स्प्रिंगचा मध्य आणावा आणि मग गुडघ्यावर वाकवावे. हवे त्यापेक्षा किंचित जास्त वाकवावे आणि तेवढेच परत आणावे, म्हणजे स्प्रिंग सैल होते. नंतर ती उलगडेल त्या दिशेला पीळ देत देत काढावी. उलटा पीळ दिलात तर ती आणखी आवळते. मग पाईप एका हातात, स्प्रिंग दुसऱ्या हातात आणि दारात सोसायटीचे सेक्रेटरी, अशी स्थिती येते.

सर्वांत महत्त्वाचा क्रम असा: आधी स्प्रिंग, मग वळण, मग स्प्रिंग बाहेर, मग नट आत, आणि शेवटी फ्लेअर. फ्लेअर म्हणजे पाईपचे तोंड कर्ण्यासारखे पसरवणे. एकदा तोंड पसरले की त्या बाजूने स्प्रिंगही जात नाही आणि नटही जात नाही. सुरेख, एकसारखा, चीर नसलेला फ्लेअर आयुष्यात पहिल्यांदा जमतो, त्या वेळी नट टेबलावर असतो. हा नियम या धंद्यात गुरुत्वाकर्षणाइतका पक्का आहे. उपाय एकच: फ्लेअर कापून टाकणे, नट घालणे आणि तितका सुरेख फ्लेअर पुन्हा न जमणे.

कृती तिसरी: बेंडरने

लिव्हरच्या बेंडरला एक खाचेचे चाक असते आणि त्यावर अंशांच्या खुणा. पाईप खाचेत बसवावा, आकडा अडकवावा, लिव्हरवरची शून्याची खूण चाकावरच्या शून्याशी जुळवावी आणि संथपणे ओढावे. चाकाची खाच पाईपला कुशीत घेते, त्यामुळे त्याला बाजूने फुगायला जागा उरत नाही आणि चपटे होणे टळते. नव्वदच्या खुणेवर थांबलात तर हात सोडताच पाईप थोडा मागे येतो. म्हणून दोन-तीन अंश पुढे जाऊन थांबावे. किती पुढे, ते एका वाया जाणाऱ्या तुकड्यावर आधी बघून घ्यावे.

बेंडरवर एल आणि आर अशी अक्षरेही असतात. मोजलेले टोक बेंडरच्या डावीकडे असेल तर पेन्सिलची खूण एलशी जुळवायची, उजवीकडे असेल तर आरशी. ही अक्षरे शोभेची आहेत असे समजून पहिले वळण होते आणि पाईप भिंतीतल्या भोकाऐवजी भोकाच्या शेजारी पोचतो.

मापाचा दुसरा सापळा असा. कोपऱ्यापर्यंत मोजून दोन्ही बाजूंची बेरीज केली, तर अर्धा इंची पाईपच्या प्रत्येक काटकोनात 16 मिलिमीटर जास्तीचे मोजले जातात. कारण पाईप कोपऱ्यात जातच नाही. कोपऱ्याच्या वाटेने 76 मिलिमीटर पडले असते तिथे तो वळसा घेऊन 60 मध्ये काम उरकतो. मात्र पाईप जास्त उरला म्हणून हळहळू नये. कमी पडलेला पाईप ओढून लांब करण्याची कृती या मार्गदर्शनात नाही.

कृती चौथी: वाळूने

एक टोक लाकडी खुंटीने बंद करावे, चाळलेली बारीक कोरडी वाळू ठोकून ठोकून भरावी, दुसरे टोक बंद करावे आणि मग वाकवावे. पोकळीच भरून टाकली की ती चेपण्याचा प्रश्न उरत नाही. वाद्ये बनवणारे पितळी नळ्यांत राळ ओततात किंवा साबणाचे पाणी गोठवतात, ते याच कारणाने. वाळू मात्र अगदी कोरडी हवी. ओली वाळू भरून पाईप तापवला तर वाफेला बाहेर पडायची वाट नसते, आणि ती स्वतःची वाट काढते.

हा पाईप एसीला लावू नये. वाळूचा एक कण कॉम्प्रेसरचे काय करील, ते बिलावर सविस्तर लिहून येते. याची टॉवेलची दांडी उत्तम होते.

बिघडले तर: तापवणे

तांबे वाकवले, ठोकले, ताणले की कडक होत जाते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे व्याख्यान न देता समजते: पत्रा ठोकून कडक झाला की तो भट्टीत लाल करतात, नरम झाला की पुन्हा हातोडा. पोलादाला तापवून पाणी पाजले की ते कडक होते. तांब्याचा तसा हट्ट नसतो. लाल करून पाण्यात बुडवले तरी ते नरमच राहते, आणि वरची काळी खपली सुटते ती वेगळी.

नवशिक्याने हे टॉर्चने करताना दिव्याचा उजेड कमी करावा. प्रखर उजेडात मंद लाली दिसत नाही, माणूस तापवतच राहतो, आणि तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते. एवढे करूनही, तापवलेल्या पाईपच्या आत काळी खपली धरते आणि ती सुटून बारीक नळीत अडकते. म्हणूनच जाणते मेकॅनिक जोड देताना आतून नायट्रोजन सोडतात. तुमच्याकडे नायट्रोजन नाही. टॉवेलची दुसरी दांडी तयार झाली.

परीक्षा

वाकवलेल्या अर्धा इंची सरावाच्या तुकड्यात सायकलच्या चाकातला पाव इंची छर्रा सोडावा. दुसऱ्या टोकातून बाहेर पडला तर पोकळी बऱ्यापैकी शाबूत आहे. नाही पडला तर तुमच्याजवळ आता एक खुळखुळा आहे आणि सायकल एका छर्‍याने कमी आहे.

मेकॅनिक आल्यावर

तो येतो. जमिनीवरचे तुकडे बघतो. “काका, हे कोणी केलं?” असे विचारतो आणि उत्तराची वाट बघत नाही. मग स्प्रिंग नाही, बेंडर नाही, दोन अंगठे टेकवून पाईप वाकवायला घेतो.

इथे बोलू नये, बघावे. त्याचे अंगठे एका जागी राहत नाहीत. जरा दाबतो, बोटभर पुढे सरकतो, पुन्हा दाबतो. वळण एका ठिकाणी कधी पडतच नाही, वीतभर पसरत जाते. पोकळीला कळायच्या आत पाईप काटकोनात आलेला असतो. आणि फ्लेअरिंग टूल उचलण्याआधी, न बघता, त्याचा डावा हात मागे येतो.

त्या हातावर नट ठेवावा. नवशिक्याला खात्रीने जमणारे काम हेच आहे. सुरुवात इथून करावी.