मोजतेय, बोलू नका

बीड जिल्ह्यातल्या आमच्या शिरूर कासारला स्वेटर लागतो वर्षातले जेमतेम दोन महिने. एरवी सिंदफणेच्या कोरड्या पात्राकडे बघत घाम पुसायचा. तरी आमच्या नात्यातल्या बहुतेक घरांत, ट्रंकेच्या तळाशी विणकामाची एखादी चोपडी निघतेच. लोकरवाल्या कंपनीने छापलेली. वर गोरंगोमटं, गुबगुबीत बाळ आणि मागे बर्फ. आमच्याकडे बर्फ येतो तो लग्नातल्या सरबतापुरता.

चोपडीची भाषा तलाठ्याच्या सातबाऱ्यासारखी. ज्याला कळते त्यालाच कळते. दोन सुलट, दोन उलट, ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंत पुन्हा. सुयांचं माप जुन्या इंग्रजी चालीचं, म्हणून आठ नंबरची सुई जाड आणि बारा नंबरची बारीक. क्रोशात साखळी, खांब आणि मुका खांब. शेवटी एकच ओळ: ‘सर्व भाग जोडून घ्यावेत.’ एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब निघते ती इथे, आणि चोपडी तर संपलेली असते!

क्रोशावरून आठवलं. आयर्लंडात १८४५नंतर बटाटा कुजून दुष्काळ पडला, तेव्हा मठांतल्या जोगिणींनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. त्या लेशीवर कित्येक घरांच्या चुली पेटल्या. दुष्काळ म्हटलं की बीडच्या माणसाचे कान टवकारतात. १९७२च्या दुष्काळात आमच्या बायाबापड्यांच्या हाती आला तो खडी फोडायचा हातोडा. क्रोशा राहिला रुखवतात, तोरणापुरता आणि ताटावरच्या रुमालापुरता.

पण चोपडीचा खरा उपयोग मला फार उशिरा उमगला. एरवी बाईला कुणीही, कधीही हाक मारावी. चोपडी मांडीवर उघडी असली की मात्र ती बोट वर करून म्हणते, “थांबा, मोजतेय!” सासूबाईसुद्धा गप्प, कारण टाका चुकला तर उसवायला लागतो आणि टोपडं शेवटी त्यांच्याच नातवाचं. पोथी वाचणाऱ्या बाईलाही दूध उतू गेल्यावर उठावं लागतं, मोजणारीला नाही.

आता नमुने मोबाइलवर आले. हात दिसतात, लोकर दिसते, सगळं सोपं. अडचण एवढीच की व्हिडिओ थांबवता येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. “आई, पॉज कर आन् आधी च्या टाक.”

आमच्या वहिनींनी परवा व्हिडिओतला अख्खा नमुना दोनशेपानी वहीत उतरवून काढला, ताऱ्यांसकट.