आमचा मुंजा, त्यांचा कितारो

शिगेरू मिझुकी यांच्या ‘कितारो’ या जुन्या जपानी भूतमालिकेबद्दल माझं मत पहिल्या चाळीस पानांतच पक्कं झालं: यात भीती कमी पडते. 1960 पासून चालत आलेल्या मालिकेचा निकाल चाळीस पानांत लावणं कुणाला उद्धटपणाचं वाटेल. पण भुतांच्या बाबतीत मराठवाड्यातला माणूस जन्मजात परीक्षक असतो. हडळ, खवीस, मुंजा, बारवेतल्या आसरा एवढा सिलॅबस ज्याचा शाळेआधीच पुरा झालाय, तो कितारोच्या बापाला काय भिणार? हा बाप म्हणजे नुसता एक डोळा. देह कुजून गेला, पोराच्या काळजीनं डोळा तेवढा मागं राहिला, त्याला हातपाय फुटले, आणि आता तो चहाच्या वाडग्यात बसून निवांत आंघोळ करतो. हे चित्र पाहून लातूरकराला घाम फुटत नाही. तो पाणी मोजतो. ज्या शहरानं एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, त्याला वाडगाभर पाण्यात उरकणारा बाप भूत वाटणार नाही, आदर्श नागरिक वाटेल.

आक्षेप येतो की असली पुस्तकं आपल्याला परकी. ती उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. हा आक्षेप पुण्या-मुंबईकडच्यांनी घ्यावा, नांदेड-लातूरकडच्यांनी नाही. सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि सरकारदरबारी उर्दू होती. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू, जमिनीच्या कागदावर उर्दू. घरी मराठी बोलणारा माणूस बाहेर पडला की त्याची नजर उजवीकडून चालायला लागायची. आजही जुनं खासरा पत्रक हाती आलं की उर्दू जाणणारं माणूस धुंडाळत फिरावं लागतं, आणि तसा म्हातारा सापडला की दोन भाऊ त्याच्यापुढे असे हात जोडून बसतात, जसे देवळात कधी बसले नसतील. तो कागदावर बोट ठेवतो, उजव्या टोकाला, आणि सगळ्यांचे श्वास त्या बोटाबरोबर डावीकडे सरकतात. जमीन कुणाची, हे डाव्या टोकाला कळतं. याहून थरारक चित्रमालिका जपाननं काढलेली नाही. (विषय भुतांचा होता, ठाऊक आहे. पण वाटणीचा कागद हे भूत नाही असं म्हणणाऱ्यानं अजून वाटणी पाहिलेली नाही.)

माझा मुद्दा एवढाच की भूत एकदा चित्रात आलं की ते भिववायचं सोडून सोबत करू लागतं. पुरावा खुद्द मिझुकींचाच. रात्री वाट अडवणारी ‘नुरिकाबे’ नावाची अदृश्य भिंत जपानी लोककथेत होती. तिला रूप नव्हतं. मिझुकींनी तिला चौकोनी अंग आणि बारीक डोळे दिले, आणि भिंत कितारोची दोस्त झाली. महायुद्धात राबौलला बॉम्बहल्ल्यात या माणसाचा डावा हात गेला. उरलेल्या उजव्या हातानं त्यानं ही सगळी भुतं काढली. त्याच्या साकाइमिनातो गावात आज भुतांचे 170 हून अधिक कांस्यपुतळे रस्त्याकडेला उभे आहेत आणि ते पाहायला लोक पैसे खर्चून येतात. आमचा चकवा तेच वाट चुकवायचं काम पिढ्यान् पिढ्या करतोय. त्याला पुतळा सोडा, चेहरासुद्धा नाही. ‘चांदोबा’त शंकर यांनी काढलेला वेताळ तेवढा आपल्या नजरेत बसला, कारण त्याला चित्र मिळालं. शिवाय त्याची परीक्षा ओळखीची. नीटमध्ये चुकलं तर एक गुण जातो. इथं बरोबर आलं तरी राजा पुन्हा झाडापाशी. विक्रम हा पहिला रिपीटर.

यावर विवेकी माणसं म्हणतील, ही तर अंधश्रद्धेची जाहिरात. त्यांची काळजी खरी आहे, आणि तिच्यासाठी इथं माणसांनी जीव दिलाय. पण 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा भुताची गोष्ट सांगणाऱ्याला धरत नाही. भूत उतरवतो म्हणून माणसाला बडवणाऱ्याला धरतो. बाबाचा धंदा न दिसणाऱ्या भुतावर चालतो. वाडग्यात आंघोळ करणारं भूत उतरवायला कोण फी देईल?

आणि मुंजा म्हणजे तरी कोण? मुंज झाली, लग्न व्हायचं राहिलं आणि मधेच मेलेला पोरगा. एखाद्या घरचं गेलेलं लेकरू. त्याला आपण पिंपळावर बसवलं आणि त्याच्याच वयाच्या पोरांना त्याची भीती घातली. त्याला थंडी वाजत असेल का, हे कुणी विचारलं नाही. कितारोच्या 1968 च्या कार्टून मालिकेचं शीर्षकगीत मिझुकींनीच लिहिलं; भुतांना शाळा नसते, परीक्षाही नसते, असं ते आनंदानं सांगतं. लातूरच्या ट्यूशन एरियात सतरा वर्षांची पोरं घरापासून लांब, कॉट बेसिसवर, सकाळपासून रात्रीपर्यंत प्रश्न सोडवत असतात. ते गाणं तिथं ऐकलं की हसू येत नाही.

पहिलं मत मी बदललेलं नाही. भीती कमीच पडते, आणि तेच बरं आहे. कुणी चित्रकार मुंजाचं चित्र काढायला बसलाच तर एक विनंती: शेंडी द्या, जानवं द्या, अंगावर एखादी गोधडी द्या; हातात टेस्ट सिरीज तेवढी देऊ नका.