मीटअपकर

शनिवारी सकाळी पावणेदहाला हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीच्या गेटवर, सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये जो आपल्या लॅपटॉपचा सिरियल नंबर तोंडपाठ लिहितो तो मीटअपकर. बाकीचे पाहुणे लॅपटॉप उलटा करून, डोळे बारीक करून तळाची अक्षरं लावत असतात. कुणाचं लेबल झिजलेलं असतं, कुणी मॉडेल नंबर लिहून गार्डची बोलणी खातं. मीटअपकराचं तोवर ‘कोणाला भेटायचे’ या रकान्यात ‘मीटअप’ आणि ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यातही ‘मीटअप’ लिहून झालेलं असतं. गार्ड त्याला ओळखतो. "आज पिझ्झा का समोसे, साहेब?" असं विचारतो, आणि मीटअपकराला ते नक्की माहीत असतं.

वय पंचेचाळिशीच्या आसपास. पाठीला सॅक, अंगात कुठल्या तरी डेव्हलपर कॉन्फरन्सचा टी-शर्ट, लॅपटॉपच्या झाकणावर इतके स्टिकर की मूळ लॅपटॉप कोणत्या कंपनीचा हे कळू नये. मीटअप म्हणजे असं: मोबाइलच्या धंद्यातली माणसं महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जमतात, एकजण स्लाइड दाखवतो, एक कंपनी खाऊ घालते आणि उरलेले ओळखी वाढवतात. अँड्रॉइडवाल्यांची बैठक वेगळी, आयफोनवाल्यांची वेगळी, फ्लटरवाल्यांची त्याहून वेगळी. एकमेकांच्या बैठकीला हे लोक सहसा फिरकत नाहीत. मीटअपकर सगळीकडे असतो. त्याला पक्ष नाही.

या प्रथेचा इतिहास तो कुणालाही, न विचारता, सांगतो. २००० साली हेलसिंकीत काही मंडळींनी ‘मोबाइल मंडे’ सुरू केला. नोकियाचा देश, थंडी भरपूर, सोमवारची संध्याकाळ. मोबाइलवाल्यांनी जमायचं आणि गप्पा मारायच्या. बघता बघता ते लोण जगभरच्या शहरांत गेलं, आपल्याकडेही आलं. फक्त सोमवार काही पुण्याला मानवला नाही. सोमवारी संध्याकाळी सहाला हिंजवडीतून निघालेला माणूस वाकडच्या पुलापर्यंत पोहोचेतो हेलसिंकीत लोक जेवून झोपलेले असतील. म्हणून पुण्याचा मोबाइल मंडे शनिवारी. तरीही एक भांडण राहतंच: मीटअप पश्चिमेला घ्यायचा की पूर्वेला? खराडी आणि हिंजवडी एकाच शहरात आहेत, हा समज फक्त नकाशा काढणाऱ्यांचा. खराडीला मीटअप ठेवला की हिंजवडीचे लोक ‘नक्की येतो’ असं कळवून येत नाहीत. हिंजवडीला ठेवला की खराडीचे लोक कळवतही नाहीत. आयोजकाला हे पाठ असतं. दोनशे जणांनी नाव नोंदवलं की तो शंभरांचे समोसे सांगतो आणि वीस उरतात. ते वीस कुठे जातात हे गार्डला माहीत असतं.

दहाचा कार्यक्रम दहाला सुरू होत नाही, हे सांगायला नकोच. पण त्याचं खरं कारण वक्त्याचा उशीर नाही, प्रोजेक्टर आहे. वक्ता लॅपटॉप उघडतो, केबल हातात घेतो आणि ती कुठे घालायची हे शोधू लागतो. भोकच नसतं. आयोजक चारी दिशांना बघतो. अशा वेळी तिसऱ्या रांगेतून मीटअपकर उठतो. त्याच्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात निळ्या रेक्झिनची एक पिशवी असते. तिची चेन तो सावकाश उघडतो. तळाशी व्हीजीएचे जुने जाडे अडॅप्टर, स्क्रू असलेले, त्यातल्या एकाचा एकच स्क्रू शिल्लक. त्यावर मिनी डिस्प्लेपोर्टचे पांढरे, पिवळे पडलेले. मग एचडीएमआय, आणि सगळ्यात वर यूएसबी-सीचे, प्रत्येकाला रबरबँड आणि स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलेली चिकटपट्टी. २०१६ साली ॲपलनं मॅकबुक प्रोवरचं एचडीएमआयचं भोक काढून टाकलं आणि २०२१ मध्ये निमूटपणे परत आणलं. मधली पाच वर्षं हा मीटअपकराचा सुवर्णकाळ. त्या काळात पुण्यात एकही आयफोनवाला वक्ता त्याच्या कृपेशिवाय बोलू शकला नाही. अडॅप्टर परत घेताना तो वक्त्याचा नंबरही घेतो. ‘अडॅप्टर विसरलात तर’ म्हणून.

भाषण सुरू होतं. काळ्या पडद्यावर राखाडी अक्षरांत कोड. "मागे दिसतंय ना?" असं वक्ता विचारतो आणि मागचे लोक हो म्हणतात, कारण मागे बसलेल्यांना दिसायला नकोच असतं. मग प्रत्यक्ष प्रात्यक्षिक. बिल्ड लावली जाते. ती घरी चाळीस सेकंदांत होते, असं वक्ता सांगतो. इथे चार मिनिटं झाली तरी पट्टी सरकत असते, कारण कंपनीच्या गेस्ट वायफायला ओटीपी लागतो आणि तो ज्या फोनवर येतो तोच फोन प्रात्यक्षिकाला जोडलेला असतो. त्या चार मिनिटांत वक्ता आपलं गाव, आपलं कॉलेज आणि आपला कुत्रा यांच्याबद्दल बोलतो. माझ्या मते बहुतेक भाषणांचा तोच भाग ऐकण्यासारखा असतो.

शेवटी प्रश्नोत्तरं. माइक फिरतो, मीटअपकराकडे येतो. "माझा प्रश्न असा नाही, एक छोटंसं निरीक्षण आहे," इथून तो सुरुवात करतो आणि आयोजक घड्याळ बघतो. निरीक्षण नेहमी एकच: हे आम्ही सिंबियनवर केलं होतं. विषय बॅटरी वाचवण्याचा असो, मेमरीचा असो, नाहीतर एआयचा. तो खोटं बोलत नाही. सिंबियन म्हणजे नोकियाच्या जुन्या फोनमधली प्रणाली; तिच्या सी प्लस प्लसमध्ये साधी अक्षरांची ओळ सांभाळायची तर ‘डिस्क्रिप्टर’ नावाचं प्रकरण शिकावं लागे आणि ते शिकताना भल्याभल्यांना घाम फुटे. मीटअपकर ते शिकला. तीन वर्षं घालवली. आणि मग नोकियानं २०१३ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं जाहीर केलं, पुढच्या एप्रिलमध्ये व्यवहार पुरा झाला, आणि डिस्क्रिप्टर हा शब्द उच्चारायला जगात मीटअपची प्रश्नोत्तरं सोडून जागा उरली नाही.

सिंबियननंतर तो ब्लॅकबेरी शिकला. विंडोज फोन शिकला. आयफोनचं ऑब्जेक्टिव्ह-सी नुकतं जमायला लागलं तोच २०१४ मध्ये स्विफ्ट आलं. अँड्रॉइडवर जावात स्थिरावला तर २०१७ मध्ये गूगलनं कोटलिनला पाट मांडला. स्क्रीन आखायचं एक्सएमएल हातात बसलं आणि २०२१ मध्ये कंपोजची पहिली पक्की आवृत्ती निघाली. प्रत्येक नव्या गोष्टीच्या पहिल्या मीटअपला तो होता, आणि प्रत्येक जुन्या गोष्टीच्या शेवटच्या मीटअपलाही, जिथे आठ माणसं आणि शंभर समोसे होते.

या सगळ्यात त्याच्या मनाला लागलेलं दुःख मात्र वेगळंच आहे. अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना गूगल गोड पदार्थांची नावं देत असे, इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं. २०१५ मध्ये ‘एम’ची पाळी आली. मीटअपकरानं भर बैठकीत मोदक सुचवला. निघाला मार्शमॅलो. "जो पदार्थ आपल्याकडे कुणी जेवल्यावर मागत नाही," हे त्याचे शब्द. २०१८ मध्ये ‘पी’ आलं. पेढा होता, पुरणपोळी होती. त्यांनी पाय घेतला. २०१९ मध्ये जाहीर नावं देणंच बंद झालं आणि नुसते आकडे आले. त्या शनिवारी मीटअपकर प्रश्न न विचारता घरी गेला, असं म्हणतात. मला ते खरं वाटत नाही.

भाषणापेक्षा महत्त्वाचं असतं ते नंतरचं चहापान. तिथे एकजण हमखास असतो ज्याच्याकडे जबरदस्त कल्पना असते. ती तो सांगत नाही, कारण चोरीला जाईल. "सगळं तयार आहे, फक्त कोडिंग बाकी आहे," असं म्हणून तो कोडिंग करणारा आणि पगार न मागणारा भागीदार शोधत असतो. एक भरतीवाली ताई असते, जिच्या वाट्याला कार्यक्रमाची शेवटची स्लाइड आलेली असते आणि त्या स्लाइडच्या वेळी सगळे चहाला उठलेले असतात. कोपऱ्यात दोन-तीन शेवटच्या वर्षाची पोरं असतात, टी-शर्टची वाट बघत. टी-शर्ट एकतर एस उरतो, नाहीतर डबल एक्सएल.

मीटअपकर या सगळ्यांतून फिरतो. नवा चेहरा दिसला की आधी नोटीस पिरियड विचारतो. स्थळ बघायला आलेल्यानं गोत्र विचारावं, त्याच सहजतेनं. नव्वद दिवस म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. तीस म्हटलं की तो लगेच डावीकडे वळून हाक मारतो, "अहो, इकडे या जरा, तुम्हाला अँड्रॉइडचा मुलगा हवा होता ना?" अशी त्यानं किती जमवून दिली असतील याचा हिशेब त्याच्याकडेही नाही. दलाली घेत नाही. २०२२-२३ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी माणसं काढायला सुरुवात केली तेव्हा त्याचा फोन दिवसभर कानाला होता. त्याच्या फोनमधल्या नावांची यादी एकदा बघण्यासारखी आहे: ‘सिंबियन उंच’, ‘ब्लॅकबेरी चष्मा’, ‘फ्लटर कोथरूड’, ‘फ्लटर कोथरूड २’. यातला ‘सिंबियन उंच’ सध्या बाणेरच्या एका कंपनीत मोबाइल विभागाचा प्रमुख आहे आणि मीटअपकराचा फोन पहिल्या रिंगला उचलतो. दोघांपैकी कुणालाही आता डिस्क्रिप्टर आठवत नाही.

तो स्वतः नक्की काय करतो, हे विचारायचं धाडस मी केलं नाही. कार्डावर ‘मोबिलिटी’ असं लिहिलेलं असे. हल्ली कार्डही नाही. फोनवर क्यूआर दाखवतो आणि समोरचा स्कॅन करेपर्यंत हात हलवत नाही.

अलीकडे त्याला एक नवं काम लागलंय. गूगलनं नियम केला, की १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यानं वैयक्तिक डेव्हलपर खातं उघडलं असेल त्यानं ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी वीस माणसांकडून सलग चौदा दिवस तपासून घ्यायचं. २०२४ च्या डिसेंबरात त्यांनी विसाची बारा केली. खातं उघडायला गूगल एकदाच पंचवीस डॉलर घेतं, ॲपल दरवर्षी नव्याण्णव; त्यामुळे होतकरू पोरं साहजिकच गूगलकडे येतात आणि या बारा माणसांपाशी अडकतात. ॲप बनवणारा मुलगा स्वभावानं ॲपच बनवणारा. त्याला बारा ओळखी कुठून असणार? आईवडील, ताई, हॉस्टेलचा रूममेट, संपलं. मग कुणीतरी सांगतं, शनिवारी मीटअपला जा, सॅकवाले काका असतात, त्यांना भेट.

काका नाही म्हणत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या फोनवर परक्यांची ॲप दाटीवाटीनं बसलेली आहेत: रिक्षाचं भाडं वाटून घ्यायचं, सोसायटीच्या टँकरचं, दूधवाल्याच्या खाड्यांचं, झाडांना पाणी घालायची आठवण करून देणारी दोन. रोज सकाळी चहाबरोबर ते सगळी एकेकदा उघडतात. मध्येच कुणी तपासणीतून बाहेर पडलं आणि आकडा बाराच्या खाली आला तर त्या पोराचे चौदा दिवस वाया जाऊ नयेत, म्हणून ते इतरांनाही फोन करून दटावतात. घरात वहिनींच्या, सासूबाईंच्या, कामाला येणाऱ्या मावशींच्या फोनवरही तीच ॲप आहेत. "यांच्या मीटअपमधून घरात काय आलं विचाराल तर फरशी पुसायची फडकी," वहिनी सांगतात. खरंच, त्यांच्याकडचं फडकं नीट पिळून पसरलं तर त्यावर अजून हिरवा रोबो दिसतो.

परवा त्यांच्या पुतण्याची मुंज होती. मंगलाष्टकं चालू, सगळे हातात अक्षता घेऊन उभे, आणि मीटअपकर खांबाआड फोनवर. अमरावतीहून आलेल्या एका मुलीचं पिकांच्या भावाचं ॲप अडकलं होतं, ती रडकुंडीला आली होती. हा तिला धीर देत होता. दोन कडव्यांच्या मध्ये क्षणभर शांतता झाली आणि अख्ख्या हॉलला ऐकू गेलं:

"काळजी करू नकोस गं. अकरा झाले. बाराव्याचं मी बघतो."

पुढे उभ्या असलेल्या आत्याबाई अक्षतांची मूठ तशीच धरून मागे वळल्या. "अरे देवा! कोण गेलं रे?"

"कुणी नाही, आत्या," फोनवर हात ठेवून मीटअपकर म्हणाला. "तुमच्याकडे अँड्रॉइडच आहे ना?"