लव भादरणारं यंत्र

विणून झालेल्या लोकरी कापडावर लव उरते, हे आमच्या पिढीला माहीत असायचं कारण नाही. आम्हाला लव भेटते ती वॉशिंग मशीनच्या जाळीत. इंग्लंडातल्या स्ट्राउड खोऱ्याचं मात्र पोटच त्या लवेवर होतं. शिपायांच्या लाल डगल्यांचं आणि बिलियर्डच्या टेबलावरचं हिरवं कापड तिथल्या गिरण्या काढत. त्यावरची लव एकसारखी भादरायला एक यंत्र असे: दंडगोलावर पिळदार पाती, खाली एक स्थिर पातं, मधून कापड सरकत जायचं. एडविन बिअर्ड बडिंग हा कारागीर अशाच यंत्रांत वावरलेला. टेबलावरच्या हिरव्याची हजामत होते तर अंगणातल्या हिरव्याने काय घोडं मारलंय, असं काहीसं त्याच्या मनात आलं असावं. १८३० साली त्याने पेटंट घेतलं आणि जॉन फेराबी या भागीदाराच्या थ्रप इथल्या फीनिक्स कारखान्यात जगातलं पहिलं लॉनमोवर तयार झालं. शेजारीपाजारी वेड्यात काढतील म्हणून तो ते रात्री चालवून बघायचा, अशी कथा सांगतात. रात्री तो खडखडाट ऐकून शेजारी काय म्हणाले असतील, ते मात्र कथेत येत नाही.

तोवर श्रीमंतांची हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने कापली जाई. त्याला तयार हात लागत आणि गवतावर दंव असेल तेव्हाच विळा चांगला चाले. बडिंगच्या यंत्राला कोरडं गवत चालायचं, त्यामुळे माळ्याची पहाटेची झोप वाचली. या यंत्राची खुबी अडकित्त्याची आहे. फिरतं पातं गवताची काडी खालच्या स्थिर पात्यावर दाबतं आणि तिचे दोन तुकडे करतं. पेट्रोलचं किंवा विजेचं फिरकी-यंत्र काडीला कापत नाही, झोडपतं. म्हणून दुसऱ्या दिवशी गवताची टोकं पिवळी दिसतात. दोन पात्यांतलं अंतर नीट जुळलंय का, हे बघायला कागदाचा कपटा मधे धरायचा. तो स्वच्छ कापला गेला की झालं. हे अंतर जुळवायला लागणारा स्क्रू पाना सुधारण्यातही बडिंगचा हात होता. आपल्याच यंत्राच्या दुरुस्तीची सोय आपणच करणारे कारागीर आता कुठे राहिलेत?

पहिलं यंत्र १९ इंच रुंद आणि लोखंडी होतं. मागचा रूळ एक फेरा घेई तेवढ्यात पाती सोळा फेरे घेत. हे सगळं रेटणं एकट्याचं काम नव्हे हे लवकरच कळलं आणि पुढून ओढायला दुसरी मूठ बसवावी लागली. तरी पेटंटात आश्वासन काय, तर गावाकडच्या सद्गृहस्थांना हे चालवताना करमणूक होईल, काम होईल आणि व्यायामही घडेल! सद्गृहस्थांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. बेंगळुरूत आमच्या महादेवपुऱ्यातल्या अपार्टमेंटात क्लब हाउसच्या काचेआड सद्गृहस्थ ट्रेडमिलवर घाम गाळत असतात. पट्टा मागे जातो, ते पुढे जातात आणि दोघेही जिथल्या तिथे राहतात. काचेबाहेर माळीअण्णा त्याच चालीने चालतो. त्याच्या चालण्याने निदान गवत तरी कापलं जातं. शिवाय त्याला चालण्याचा पगार मिळतो, यांना मेंटेनन्स भरावा लागतो.

स्कॉटलंडच्या शँक्सने १८४० नंतर यंत्राला तट्टू जोडलं. हिरवळीत खुरांचे खड्डे पडू नयेत म्हणून तट्टाला चामड्याचे बूट आले. आम्ही बैलाला नाल ठोकतो, पोळ्याला झूल घालतो, पुरणपोळी चारतो; पण अंगण खराब होईल म्हणून बूट? ते सुचायला साहेबच हवा. १८५९ मध्ये टॉमस ग्रीनने दातेरी चाकांऐवजी साखळी बसवली आणि खडखडाट कमी केला. घराघरांत शिरलं ते मात्र नंतरचं हलकं, दोन बाजूंना दोन चाकं असलेलं यंत्र. पुढे लोखंडाच्या जागी पत्रा आला, पत्र्याच्या जागी प्लॅस्टिक. पिळदार पाती तेवढी जशीच्या तशी राहिली.

फीनिक्स हे नाव मुंबईकराला थ्रपहून शिकावं लागत नाही. १९०५ साली लोअर परळला फीनिक्स मिल उभी राहिली, कापडाचीच. पुढे गिरणीच्या जागेत मॉल आला आणि त्याच कंपनीचा फीनिक्स मार्केटसिटी आज आमच्या महादेवपुऱ्यात आहे. थ्रपच्या आणि परळच्या फीनिक्सांचं नातंगोतं काही नाही. पण ज्यांच्या आजोबांनी परळला साचे चालवले, अशी काही नातवंडं इथे आयटीत असणारच, आणि शनिवारी त्याच नावाच्या छपराखाली पॉपकॉर्न खात असणार. गिरणीतून बाहेर पडून गवतात आलेल्या यंत्राशी त्यांची चांगली ओळख व्हावी.

आमच्याकडे असं एक यंत्र आहे. लाकडी मूठ, रंग उडालेला, बाजूच्या लोखंडात ओतलेलं नाव गंजाने खाल्लेलं. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या जलमंडळाने पिण्याचं पाणी बागेला घातल्यास ५,००० रुपये दंड लावला, तेव्हा लॉन एसटीपीतून शुद्ध होऊन आलेल्या सांडपाण्यावर कसंबसं जगलं आणि कापायला काही उरलंच नाही. पाऊस आला, गवत उठलं, तर पेट्रोलचं यंत्र रुसलेलं. अण्णाने अडगळीतून हे बाहेर काढलं आणि पुढचा महिनाभर आवाजाची एकही तक्रार असोसिएशनच्या ग्रुपवर आली नाही.

मग वार्षिक सभेत विषय निघाला. यंत्राला पेट्रोल किती, शून्य. वीज किती, शून्य. कोषाध्यक्ष अस्वस्थ झाले. एवढ्या शून्यांचा हिशेब ऑडिटरला दाखवायचा कसा? त्यांनी एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, विचारलं. कुणालाच सांगता येईना, म्हणून अण्णाला बोलावलं.

‘एण्णे बेकु, सार. अष्टे,’ अण्णा म्हणाला. तेल लागतं, बस्स.

तेलासाठी तीन कोटेशनं मागवायचं ठरलं.