आपला आचारी आपण आणावा

पतसंस्थेचा, वाचनालयाचा किंवा एखाद्या वर्कशॉपचा वर्षानुवर्षांचा हिशेब ॲक्सेसच्या एकाच फायलीत गुण्यागोविंदाने नांदत असतो. मग साहेबांना रंगीत आलेखांचा सोस लागतो, पॉवर बीआय येतं आणि ‘कनेक्ट’ म्हणताच पडद्यावर उमटतं की अमुक प्रोव्हायडर या मशीनवर नोंदलेलाच नाही. लगेच एकमत होतं: दोष त्या जुनाट फायलीचा! माझ्या मते हा आरोप खोटा आहे. फाईल बिचारी काहीच करत नाही. आणि एरवी कचेरीत काहीच न करणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

एसक्यूएल सर्व्हर म्हणजे खानावळ. ऑर्डर द्या, ताट येतं. आत कोण रांधतं याच्याशी गिऱ्हाइकाला कर्तव्य नाही. ॲक्सेसची फाईल म्हणजे नुसती धान्याची कोठी. आचारी, म्हणजे एस इंजिन, रिपोर्टवाल्याने स्वतः आणायचा आणि आपल्याच चुलीशी बसवायचा. पॉवर बीआय 64 बिटांचं आणि ऑफिसबरोबर आलेला आचारी 32 बिटांचा असला, की दोघे एका पंगतीला बसत नाहीत. दुसरा आचारी आणायला जावं तर इन्स्टॉलर आधी पहिल्याला हाकला म्हणतो. ड्रायव्हर तपासायला निघालात तर आणखी गंमत: विंडोजमध्ये 64 बिटांचा ओडीबीसी व्यवस्थापक ‘सिस्टम32’ या फोल्डरात राहतो आणि 32 बिटांचा ‘सिसवाव64’मध्ये. ही छपाईची चूक नव्हे. जुन्या प्रोग्रामांनी ‘सिस्टम32’ हा पत्ता पाठ केला होता, म्हणून पाटी तीच ठेवून बिऱ्हाड बदललं.

कुणी म्हणेल, फाईल नुसती वाचायची तरी ती ज्या फोल्डरात आहे तिथे लिहिण्याचा हक्क का मागते? मागतं ते इंजिन. कोण आत आहे याची नोंद त्याला शेजारी लॉक फाईल करून ठेवायची असते. तारांकनाचंही तसंच. ॲक्सेसमध्ये ‘पाटील*’ लिहून केलेली क्वेरी सगळे पाटील हजर करते. तीच रिपोर्टवाल्याच्या, म्हणजे ओएलई डीबीच्या वाटेने गेली की इंजिनाला तारांकनाऐवजी टक्क्याचं चिन्ह हवं असतं आणि एकही पाटील सापडत नाही. शिवाय एररही येत नाही. कोरा रिपोर्ट येतो, आणि तो सहीसाठी पुढे जातोसुद्धा.

‘मग सर्व्हरच घ्या ना!’ हा सल्ला चुकीचा नाही. फायलीला 2 जीबीची मर्यादा आहेच, आणि कागदावर 255 जणांना एकदम आत येता येत असलं तरी तो प्रयोग न केलेला बरा. पण दोन कारकुनांच्या संस्थेत सर्व्हरचा बॅकअप, पासवर्ड, अपडेट कोण सांभाळणार? फाईल पेनड्राइव्हवर उतरवली की बॅकअप झाला. सर्व्हर सुचवणारा सहसा तो सांभाळायला थांबत नाही. म्हणून सर्व्हर घेण्याआधी एक्सेलच्या ‘अकाउंट’ पानावर ‘अबाउट’ दाबून ऑफिस किती बिटांचं आहे ते पाहावं. त्याला अर्धं मिनिट पुरतं. पण तोवर कोटेशन आलेलं असतं.