बटनाले हात नोको लावू

बाभुळगावात भाऊंच्या घरी दिवेलागणीनंतर जायचं असेल तर एक पथ्य पाळावं लागतं. भिंतीपासून हातभर दूर राहायचं. चपला काढताना तोल गेला म्हणून कुणी भिंतीचा आधार घेतला, की आतून हाक आलीच, "बटनाले हात नोको लावू!" बसा नाही, पाणी नाही, आधी ही सूचना.

असा एक भाऊ प्रत्येक तालुक्याच्या गावात असतो. टीव्हीच्या अँटेनाच्या काळात तो कौलांवर चढून "आलं काय? आता आलं काय?" असं ओरडत होता. पुढे टाकी भरली की आपोआप बंद होणारी मोटर त्यानं बसवली आणि ती आपोआप बंद होते की नाही हे पाहायला रोज गच्चीवर जाऊ लागला. आता त्यानं घरातल्या दिव्यांना स्मार्ट स्विच लावले आहेत. ज्यांच्या ओळखीत असा कुणी नाही, त्यांनी एकदा आपल्याच घरच्यांना विचारून पाहावं.

बाभुळगावच्या भाऊंचं यवतमाळ–धामणगाव रस्त्यावर कृषी केंद्र आहे. मृग जवळ आला की दुकानात कपाशीच्या बियाण्यासाठी गर्दी होते. "भाऊ, औंदा कोणतं वाण चाललं?" असं विचारणाऱ्या शेतकऱ्याला भाऊ आधी विचारतात, "तुह्या बोर्डात न्यूट्रल आहे काय?" बिचारा खत समजून भाव विचारतो.

न्यूट्रलचं हे प्रकरण मुळापासून सांगायला हवं, कारण भाऊंनी ते सगळ्या गावाला मुळापासून सांगितलं आहे. साध्या बटनाला न्यूट्रल लागत नाही. ते फक्त फेजची वाट अडवतं किंवा मोकळी करतं. स्मार्ट स्विचच्या पोटात मात्र वायफायचा रेडिओ आणि इवलासा संगणक असतो. दिवा बंद असला तरी हा गडी जागाच, पुढच्या हुकमाची वाट पाहत. त्यामुळे त्याला स्वतःचा खुराक लागतो, आणि बहुतेक स्विचना त्यासाठी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा बोर्डातच द्याव्या लागतात. जुन्या घरांत न्यूट्रल परस्पर छतातून होल्डरकडे गेलेली असते. बोर्डावर सॉकेट असेल तरच ती तिथे सापडते.

भाऊंचं घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. वायरिंगच्या वेळी काटकसर म्हणून एकाच रंगाचं बंडल आणलं होतं. वायरमननं बोर्ड उघडला आणि म्हणाला,

"भाऊ, याच्यातली न्यूट्रल कोणती?"

"लाल."

"अन् फेज?"

"लाल."

"मंग हे कोणती व्हय?"

"ते पंख्याची. ते बी लालच."

वायरमननं मेन पाडला, घाम पुसला आणि चहा मागवला. एकेक तार टेस्टर आणि बल्ब लावून ओळखण्यात दिवस गेला. शेवटी न्यूट्रल सापडली, पण नव्या मॉड्यूलसकट बोर्ड पेटीत मावेना. काही आठवडे तो दमलेल्या बैलाच्या जिभेसारखा भिंतीबाहेर लोंबत होता. त्याच काळात भाऊंची ती प्रसिद्ध आरोळी जन्माला आली, आणि तेव्हा तिला कारणही होतं. उघड्या तारांमध्ये २३० व्होल्ट होते. पुढे पेटी खोल केली, बोर्ड आत गेला, झाकण बसलं. आरोळी मात्र बाहेरच राहिली.

मग फोनशी जोडणी. असले बहुतेक स्विच वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच चालतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असला तरी जाड भिंतीपुढे लवकर हात टेकतो, आणि भाऊंच्या घराच्या भिंती जुन्या, जाडजूड. राउटरनं दोन्ही पट्टे एकाच नावाखाली ठेवले होते आणि फोन हटकून चुकीच्या पट्ट्याला चिकटत होता. शिवाय त्यांच्या मॉड्यूलची जोडणी सुरू करायला एक युक्ती होती: भिंतीवरचं बटन पाच-सहा वेळा भराभर चालू-बंद करायचं. म्हणजे घरादाराला बटनबंदी करणारा माणूस मध्यरात्री स्वतः खटखट, खटखट करत उभा. समोरच्या घरातले काका खिडकीत आले आणि त्यांनीही आपला दिवा दोन-तीनदा लावून-विझवून उत्तर दिलं. काय म्हणताहेत ते कळलं नाही, पण शेजारधर्म पाळला.

जोडणी झाली तशी प्रत्येक दिव्याला नाव द्यायची वेळ आली. भाऊंनी बोलून हुकूम घेणारी एक डबीही आणली होती. ॲमेझॉनची अलेक्सा २०१७ मध्ये भारतात आली आणि २०१९ मध्ये हिंदी शिकली, तेव्हापासून अशा डब्या तालुक्यापर्यंत पोचल्या आहेत. भाऊंच्या डबीला इंग्रजी येतं, हिंदी येतं. वऱ्हाडी येत नाही. 'माजघर' तिला कळलं नाही, त्याचा 'हॉल' झाला. 'सपरी' कितीही वेळा सांगितलं तरी तिच्या गळी उतरेना, म्हणून सपरीचं नाव 'बालकनी' ठेवलं. आता या बैठ्या घराला फोनमध्ये बालकनी आहे. "बालकनी की लाईट चालू करो," असं भाऊ रेल्वेच्या टीसीशी बोलावं तशा अदबीनं सांगतात, आणि बाहेर सपरीत बांधलेल्या वासराच्या डोक्यावर उजेड पडतो.

भाऊंच्या आईला, म्हणजे मायला, या डबीची कीव येते. "दिवसभर पोरीले नावानं हाका मारते. एकदा तरी तिले बाई म्हन." माय स्वतः तिच्याशी अस्सल वऱ्हाडीत आणि मानानं बोलते, "बाई, जरा लाईट लावता काय?" डबी गप्प. माय उठते, बटनाकडे जाते. "माय, बटनाले हात नोको लावू!" माय पुन्हा बसते.

खरं तर या स्विचचं बटन दाबलं तरी काही बिघडत नाही. भाऊंनी घेतलेला प्रकार तर अशा सोयीसाठीच बनवलेला आहे की फोनही चालावा आणि भिंतीवरचं बटनही. वायरमननं हे सांगितलं, माहितीपत्रकात लिहिलं आहे, पुण्याहून मुलानं फोनवर समजावलं. भाऊंचा मुद्दा वेगळा. बटनच दाबायचं तर एवढा खर्च केला कशाला?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हा मुद्दा कसाला लागला. माजघरात बायका बसलेल्या, वाण वाटायचं चाललेलं, आणि लाईन गेली. पाच मिनिटांत परतही आली. शेजारी उजेड, समोर उजेड, भाऊंच्या घरात मात्र अंधार. लाईन जाऊन आली की स्विचनं चालू व्हायचं, बंद राहायचं की आधीच्या स्थितीत यायचं, हे ॲपमध्ये ठरवता येतं. आधी ते आपोआप चालू व्हायचं. एकदा पहाटे तीनला लाईन आली तेव्हा सगळं घर दिवाळीसारखं उजळून सगळे उठून बसले होते, म्हणून भाऊंनी ते 'बंद' करून ठेवलं होतं. आता दिवे फोनवरून लावायचे, तर राउटर अजून जागा होत होता.

"दोन मिन्टं थांबा, ऑनलाईन येऊन राह्यलं," भाऊ दारातून म्हणाले. बायका थांबल्या. कुणाच्या तरी हळदीत कुणाचं तरी कुंकू सांडलं. एक पोरगं रडलं. भाऊंच्या चेहऱ्यावर फोनचा निळा उजेड, तेवढाच काय तो घरातला दिवा. शेवटी धामणगावकडून आलेल्या एका आजीबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, चाचपडत भिंतीशी गेल्या आणि टक.

लख्ख उजेड.

न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सनं १८८४ मध्ये झटक्यात उघडझाप करणारं बटन काढलं, ठिणगी रेंगाळू नये म्हणून. तेव्हापासून या वस्तूला पासवर्ड लागलेला नाही. पण भाऊंना कोंडीत पकडणं सोपं नाही. ते फोन खिशात घालत म्हणाले, "पाह्यलं? आपल्या सिस्टीमले हाताची बी सोय आहे!"

उन्हाळ्यात त्यांनी कूलर जोडला. यवतमाळकडच्या मे महिन्यात कूलर ही चैन नसते, घरातला तो कर्ता सदस्य असतो. दुकान बंद करतानाच फोनवरून कूलर सुरू करायचा, घरी पोचेपर्यंत खोली गार, असा बेत. पहिल्याच दिवशी घरी आले तर खोलीत भट्टी. पंखा फिरत होता, पंप चालू होता, ताट्या कोरड्या ठक्क. टाकीत पाणीच नव्हतं. "पानी कोन टाकीन? तुमची बालकनी?" वहिनींनी विचारलं. तेव्हापासून पद्धत अशी की भाऊ दुकानातून वहिनींना फोन करतात, वहिनी बादलीनं पाणी टाकतात, पाणी टाकल्याचं कळवतात, मग भाऊ फोनवरून कूलर सुरू करतात. वहिनी तेव्हा कूलरच्या बटनापासून वीतभर अंतरावर उभ्या असतात.

वीज वाचते, हा भाऊंचा हुकमी एक्का. वहिनींनी तो किराण्याच्या यादीच्या मागच्या बाजूवर कापला. घरात मॉड्यूल सहा. प्रत्येक जण हुकमाची वाट पाहत अर्धा ते एक वॉट खातो. एक वॉट धरला तर सहा जणांचे वर्षाला ५२ युनिट. तेवढ्यात ९ वॉटचा एलईडी बल्ब वर्षभर रोज सोळा तास जळतो. "म्हंजे तुमच्यापेक्षा इसरभोळा मानूस सस्ता पडते," वहिनी म्हणाल्या. भाऊंनी राउटरचा हिशेब निघायच्या आत यादी घेतली आणि किराणा आणायला गेले.

हाच माणूस स्मार्ट मीटरच्या विरोधातल्या निवेदनावर सगळ्यांत आधी सही करणारा. २०२४ च्या उन्हाळ्यात विदर्भात स्मार्ट प्रीपेड मीटरविरुद्ध आंदोलनं झाली. जूनमध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे ते बसवणार नाही असं जाहीर केलं, आणि भाऊंनी दुकानात पेढे वाटले. "आपण कधी लाईट लावतो, कधी बंद करतो, हे त्याहिले काहाले पाह्यजे?" असा त्यांचा सवाल होता. रास्त सवाल. पेढ्यांचं बिल मात्र त्यांनी त्याच फोनवरून दिलं, ज्यातल्या ॲपला त्यांच्या घरातला प्रत्येक दिवा कधी लागतो, कधी विझतो, हे सेकंदासकट माहीत आहे आणि ज्याचा सर्व्हर कुठल्या देशात आहे हे भाऊंना माहीत नाही.

इथवर वाचून भाऊंविषयी मत बनवायला हरकत नाही. फक्त त्यांच्या शेताची गोष्ट राहिली.

शेत बेंबळा नदीच्या अंगाला, विहिरीवर पंप. शेतीची लाईन पाळीनं यायची, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रपाळीत भाऊंचे वडील बॅटरी आणि काठी घेऊन निघायचे. लाईन मध्येच जायची, मोटर बंद पडायची आणि ती आली की पुन्हा कुणीतरी जाऊन बटन दाबायचं. हरभऱ्याला पाणी देताना थंडीत, चिखलात, साप-विंचवात. लहानपणी भाऊ सोबत जायचे. माय सपरीत बसून राहायची, कारण बाप-लेक निघाले कधी हे तिला ठाऊक, येतील कधी हे लाईनच्या हाती.

फोनवरून पंप सुरू करण्याची युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे साधन त्यासाठीच काढलं: विहिरीवर लाईन आहे की नाही ते मोबाईलवर कळतं, असली तर तिथूनच पंप चालू करता येतो. पुढे तसले स्टार्टर बाजारात बरेच आले. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सरकारची सौर कृषी वाहिनी योजनाही आहे. भाऊंनी पंपाला मोबाईल स्टार्टर लावला तो वडील गेल्यानंतरच्या रब्बीत. त्या रात्री अंथरुणातून त्यांनी मोटर सुरू केली, आणि सकाळपर्यंत त्यांना झोप लागली नाही, असं वहिनी सांगतात. भाऊ स्वतः हे कधी सांगत नाहीत. ते न्यूट्रलविषयी सांगतात.

तर, मुलगा पुण्यात हिंजवडीला. भाऊंनी कौतुकानं त्याच्याही फोनवर घराचं ॲप टाकून दिलं. एका पहाटे त्याचा फोन आला, "बाबा, आजी बरी नाही काय? रात्री न्हाणीतला लाईट चारदा लागला." भाऊ घोरत होते, त्यांना पत्ता नव्हता. मायचं पोट बिघडलं होतं खरं. दवाखाना झाला, औषध आलं, पण माय संतापली, "आता मुताले बी पुन्याले इचारून जाव काय?"

नंतर मात्र काहीतरी झालं. नातवाचा फोन यायला आठ-दहा दिवस झाले, की न्हाणीतला लाईट रात्री तीन-चारदा लागू लागला. सकाळी हमखास पुण्याहून फोन. "काय झालं आजी, झोप नाही आली काय?" माय ठणठणीत. "आली ना. तू जेवते काय बराबर?" मग अर्धा तास दोघांच्या गप्पा.

भाऊंनी ॲपमधली नोंद पाहिली. दिवा लागायचा आणि दोनच सेकंदांत विझायचा. तेवढ्यात न्हाणीत जाऊन कुणी परत येत नाही. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि दुकानात गेले.

गेल्या महिन्यात ते बटन खिळखिळं झालं. भाऊंनी वायरमनला बोलावलं. त्यानं झाकण काढलं आणि विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी त बटनाले हात लावाची मनाई आहे. हे कोन दाबून राह्यलं येवढं?"

"कोनी नाही," भाऊ म्हणाले. "तू मजबूतवालं लाव. अन् जरा खाली घे, हात पुरला पाह्यजे."